नववी ‘ब’, अकरा वर्षांनंतर

लेथवर गरगरणारा पितळेचा तुकडा.

फळ्यावर ‘एचआयव्ही’, मागच्या बाकांवर खुसफूस.

सकाळी आठची गोळी. एकही दिवस न चुकवता.

सेव-उसळ, वर जास्तीची तरी.

गुजरातेतल्या छाणी गावातल्या वर्कशॉपच्या दारात ओवी फॉर्म घेऊन उभी राहिली, “केम छो?” म्हणाली, आणि लेथ थांबला. शाळेत नववीला एचआयव्हीचे धडे घेतलेल्या मुलांच्या डोक्यात अकरा वर्षांनी त्यातलं काय उरलंय, हे विचारत फिरणं हे तिचं काम. लेथवरच्या सौमित्रनं दहाही उत्तरं बरोबर दिली. एका ताटात जेवल्यानं होतो का? नाही.

“गळ्यातल्या कार्डावरचं आडनाव तर मराठी दिसतंय,” तो हात पुसत म्हणाला. “मग गुजरातीत का छळताय?”

“फॉर्म गुजरातीत आहे.”

“मग मराठीत विचारा ना काहीतरी… फॉर्मबाहेरचं.”

आठवड्यानं ती परत आली — “दोन प्रश्न राहिलेत.” मग राहिलेले प्रश्न वाढतच गेले, आणि ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं.

महिन्याभरानं सेव-उसळीच्या हातगाडीपाशी, एकाच बशीत दोघांचे पाव असताना, तिनं सांगून टाकलं. “सौमित्र, मला आहे. एचआयव्ही. जन्मापासून, आईकडून आलेला. गोळ्यांमुळे आता तपासणीत सापडतही नाही… पण आहे.”

त्याचा पाव बशीच्या कडेशी थांबला.

एवढंच. पण तिनं ते पाहिलं.

“फॉर्ममध्ये सगळं बरोबर होतं तुझं.”

“अजूनही तीच उत्तरं देईन,” तो खाली मान घालून म्हणाला. “हात का थांबला… मलाच कळत नाहीये.”

बशी तशीच राहिली. ओवी रिक्षानं घरी गेली.

चार दिवस फोन नाही. पाचव्या दिवशी तो तिच्या ऑफिसच्या जिन्यात उभा.

“डॉक्टरांना भेटलो. तुझं नाव नाही घेतलं.”

“काय म्हणाले?”

“गोळी रोज घेतली आणि तपासणीत सापडत नसेल, तर नवऱ्याला काही होत नाही.”

“नवऱ्याला?”

“मी… तसंच विचारलं.”

ती हसली नाही. “आणि हात?”

“घाबरतोय अजून. खोटं कशाला सांगू?” असं म्हणत त्यानं तो पुढे केला. ओवीनं धरला.

सौमित्रचा फॉर्म ओवीनं पहिल्या भेटीच्या संध्याकाळीच रद्द करून घेतला होता. मुलाखत घेणाऱ्याचं उत्तरं देणाऱ्याशी नातं नसावं, असा नियम आहे.