उजवा बूट

“मामा, प्लास्टर घाला, पण मुलीला घरी सोडू नका,” डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या. “चार वाजता बालकल्याण अधिकारी येतायत.”

प्लास्टरमामांनी घड्याळ पाहिलं. तीन वाजून पाच मिनिटं.

तीस वर्षं ते या खोलीत मुलांचे मोडलेले हातपाय बांधत होते. ‘मामा’ हे नाव मुलांनीच दिलेलं. हाड जुळलं की आईबाप चॉकलेटचा डबा घेऊन यायचे आणि तो थेट डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर जायचा. मामांच्या पोटात दुखायचं, आणि ते लपवायची तसदीही ते घेत नसत. त्यामुळे दुसऱ्याच्या पोटातलं दुखणं त्यांना चटकन ओळखू यायचं.

त्यांनी एक्स-रे उजेडात धरला. दोन वर्षांच्या मुलीची उजवी नडगी. घोट्याच्या वर हाडाला एक बारीक तिरकी चीर, पिळा घातल्यासारखी. सूज थोडीच, बोटांचे वळ कुठेच नाहीत. पण पाय कसा मोडला हे घरात कुणालाच सांगता येत नव्हतं. अशा वेळी कळवायचं, असा नियम होता.

मुलगी टेबलावर बसली होती. घरातलं नाव भिंगरी. नवे कोरे निळे बूट तिने छातीशी घट्ट धरले होते. जन्मदात्री तिच्या बाळंतपणातच गेली. शेजारी उभी होती ती तिची सावत्र आई, वर्षभरापूर्वी घरात आलेली. वडील बाहेर बाकावर बसले होते. त्यांच्याजवळ भिंगरीची मावशी, जन्मदात्रीची बहीण, काहीतरी भराभरा बोलत होती.

“काल काय काय झालं?” कापूस गुंडाळता गुंडाळता मामांनी विचारलं.

“दुपारी ताई, म्हणजे तिची मावशी, तिला बागेत घेऊन गेल्या. संध्याकाळी आणून दिली, झोपलेली होती.”

“चालत नाही आली?”

“नाही, ताईंच्या खांद्यावर. मी बूट काढले, पांघरूण घातलं. रात्री चार वेळा रडत उठली. मला वाटलं दाढ येतेय. सकाळी पाय टेकेना, तशीच उचलून आणली.”

“बूट झकास आहेत.”

तिचे ओठ आवळले गेले. “ताईंनीच आणले काल. मी घेतलेले सँडल काढून पिशवीत टाकले आणि हे घातले. आज पाय मोडलाय तरी हिला तेच हवेत. मी आणलेलं काही आवडतच नाही.” बोलून गेल्यावर तिची तिलाच लाज वाटली. मग हळूच म्हणाली, “मामा, तिला माझ्याकडून काढून घेतील का हो? ताई म्हणतात, मी पाय पिरगाळला.”

प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या मांडीपर्यंत गेल्या. भिंगरीला बूट सोडायला लावणं हे खरं कसब होतं. मामांनी आपल्या कात्रीचा आवाज काढून दाखवला, ती हसली आणि बूट त्यांच्या हातात आले.

डाव्याचा तळ कोरा करकरीत. उजव्याची बाहेरची रबरी कड मात्र खरवडली गेली होती, आणि खरवडलेल्या जागी पिवळा रंग बसला होता.

मामा बूट खिशात घालून बाहेर आले.

“मी भावोजींना आधीपासून सांगत होते,” मावशीने त्यांना पाहताच सुरुवात केली. “परक्या बाईला काय माया असणार?”

“काल बागेत पडली होती का?”

“पडेल कशी? डोळ्यात तेल घालून सांभाळते मी. घसरगुंडीवरसुद्धा एकटीला बसू दिलं नाही.”

“चालत होती नीट?”

“धावत होती! हे बघा.” तिने फोन पुढे केला. गालाला गाल लावलेले दोन चेहरे, दोन्ही हसरे. डोक्यांवर एक पिवळी कमान आणि तिच्यामागे नुसतं आभाळ. “आहे का तिच्याकडे असा एक तरी फोटो?”

“फारच गोड. यानंतरचे?”

“हा शेवटचा. मग दमली, झोपली.”

वडील मान खाली घालून ऐकत होते. सकाळपासून त्यांनी बायकोच्या नजरेला नजर दिली नव्हती.

पावणेचारला डॉक्टरीणबाई आल्या. मामांनी सगळ्यांना आत बोलावलं, दार लावलं आणि कपाटातून कापडी अस्वल काढलं. घाबरलेल्या मुलांसाठी आधी त्यालाच प्लास्टर घालायचे.

“पाय पिरगाळलाय हे खरं,” मामा म्हणाले.

मावशीने वडिलांकडे पाहिलं.

“पण हातांनी नाही. बघा, मूल एकटं घसरत असेल आणि पाय अडकला, तर ते तिथंच थांबतं. वजन ते केवढंसं! आता मोठ्या माणसाने मांडीवर घेतलंय.” त्यांनी अस्वल मांडीवर बसवलं, त्याचं एक पाऊल टेबलाच्या कडेला दाबून धरलं आणि स्वतः पुढे सरकले. अस्वलाचा पाय गर्रकन फिरला, शिवण ताणली गेली. “पाऊल कडेला अडकलं, पण मागचं मोठं माणूस काही थांबत नाही. मधल्या हाडाला पीळ बसतो. असे कितीतरी पाय बांधलेत मी. आजोबा, बाबा, आत्या. पोर सांभाळायलाच मांडीवर घेतात हो.”

त्यांनी दोन्ही बूट टेबलावर ठेवले.

“हे काल पहिल्यांदाच घातले. म्हणजे हा ओरखडा बागेतलाच. आणि ताई, फोटोत तुमच्या डोक्यावर जी पिवळी कमान आहे ना, ती घसरगुंडीच्या माथ्यावरची, आणि बुटाला लागलाय तोही हाच रंग. एकटीला बसू दिलं नाहीत, हे अगदी खरं बोललात. त्यानंतर तिला चालताना कुणीही पाहिलेलं नाही. अशी खिदळणारी पोर लगेच झोपते होय? ती रडून रडून झोपली.”

मावशीने फोन पर्समध्ये टाकला, पुन्हा काढला.

“अपघात कुणाकडूनही होतो,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “तुम्ही सांगितलं का नाही? आणि वर यांच्यावर आळ घेतलात?”

“सांगणारच होते.” मावशीचा आवाज चिरकला. “ती किंचाळली. माझ्या मांडीवर होती, मी पोटाशी धरली होती. आणि हाक कुणाला मारली? आई, आई! हिला! माझी बहीण जिच्यासाठी जीव देऊन गेली, ती पोर हिला आई म्हणून रडत होती, आणि माझे हात ढकलत होती.” ती खुर्चीत बसली. “मला सहन झालं नाही.”

“मला हवं ते म्हणायचं होतंत, ताई,” सावत्र आई म्हणाली. “पण रात्रभर तिचा पाय ठणकत होता, आणि मी दाढ येतेय म्हणून हिरड्या चोळत बसले. एक फोन केला असतात तर रात्रीच आणली असती मी तिला.”

वडील उठून बायकोजवळ आले. आत्ताही त्यांना तिच्या नजरेला नजर देता येईना.

डॉक्टरीणबाईंनी कागदावरचं ‘कारण अज्ञात’ खोडलं. “हे सगळं अधिकाऱ्यांना तुमच्या तोंडून सांगायचं,” त्या मावशीला म्हणाल्या. मावशीने मान हलवली.

“माजा बूत,” भिंगरीने हात पुढे केला.

उजवा बूट आता अधिकाऱ्यांना दाखवायचा होता, आणि तो पाय तर पांढऱ्याशुभ्र प्लास्टरमध्ये होता. मामांनी डावा पुढे केला. सावत्र आईने तो क्षणभर हातात धरला, मग खाली बसून स्वतःच्या हाताने भिंगरीच्या डाव्या पायात चढवला.

“मी... येऊ का तिला भेटायला?” मावशीने विचारलं.

“या.” सावत्र आईने वर पाहिलं नाही. ती बुटाचा बंद घट्ट करत होती. “पण पुढचे बूट मी घेणार.”