साठ पावलांवरची गाडी

सांगतो, पण मध्ये कोणी मोबाईल पेटवायचा नाही. ज्याच्या बाबतीत हे घडलं, त्यालाही उजेड चालायचा नाही.

आमचा एक मित्र आहे, घड्याळवाला. बाजाराच्या टोकाला त्याचं दुकान, आत एका माणसाला जेमतेम वळता येईल एवढं. दिवसभर डोळ्याला भिंग लावून बारीक चाकं निवडायची आणि रात्र झाली की आभाळाकडे तोंड. त्याला नाद होता तेजोमेघांचे फोटो काढायचा. तेजोमेघ म्हणजे ताऱ्यांच्या मधे पसरलेले वायूचे आणि धुळीचे प्रचंड लोट. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाहीत. दुर्बिणीला कॅमेरा जोडायचा, पाच-पाच मिनिटांचे फोटो रात्रभर काढायचे आणि नंतर ते एकावर एक रचायचे, तेव्हा कुठे एक चित्र उमटतं. वहिनी, म्हणजे त्याची बायको, आम्हाला सांगायची, "साधे ढग आले की हा माणूस आभाळाला शिव्या घालतो, आणि त्या लांबच्या ढगांसाठी स्वतःची झोप मोडतो."

त्या रात्री वहिनी पहिल्यांदाच त्याच्यासोबत गेली. नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार, अमावस्या. मुलगा नुकताच शिकायला परगावी गेला होता, घर खायला उठलं होतं. "मी पण येते," ती म्हणाली. "बघू तरी माझी सवत दिसते कशी."

शहराबाहेर एक दगडाची खाण आहे, कधीच बंद पडलेली. तिच्या पलीकडे सपाट माळ. रस्ता तिथेच संपतो. घड्याळवाल्याने गाडी रस्त्याच्या कडेला लावली आणि दुर्बीण तिथून साठ पावलं आत मांडली. पावलं तो नेहमी मोजायचा, कारण गाडीचा उजेड जवळ नको आणि सामान वाहून नेताना अंतर फार नको.

अकरा पस्तीसला पहिला फोटो सुरू झाला. पाच मिनिटांनी लॅपटॉपवर एक पुसट लालसर कडं दिसलं, उमललेल्या गुलाबासारखं.

"एवढंच?" वहिनी म्हणाली.

"अगं, असे साठेक व्हायचेत अजून."

"मग साठ झाले की उठवा मला."

ती हसत गाडीकडे निघाली. त्याने मागून सांगितलं, "आतला दिवा लावू नकोस हां. फोटो वाया जातील."

तिने ऐकलं. काळोखात बसली बिचारी. त्याच्या शब्दाखातर.

एक वाजून दहा मिनिटांनी त्याचा फोन वाजला.

"अहो, परत येताय का तुम्ही?"

"नाही, का गं?"

"कोणीतरी येतंय गाडीकडे."

त्याने वळून पाहिलं. गाडीच्या जागी नुसता काळा ठिपका. त्याला वाटलं, खाणीचा जुना रखवालदार असेल. "दारं आतून लावून घे," तो म्हणाला. "मी आलोच."

"अहो... थांबा. अगं बाई, तुम्हीच आहात की! काय घाबरवलंत मला."

"मी नाहीये तिथे. अगं, मी दुर्बिणीपाशी आहे. दार उघडू नकोस."

तिला ते ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. फोनमधून कुलूप निघाल्याचा आवाज आला. खट्.

"मागे कशाला बसताय? पुढे या ना," वहिनी कोणाला तरी म्हणाली.

आणि मग त्याला फोनमध्ये ऐकू आलं...

"पाय आखडलेत गं. मागेच पसरतो जरा."

आवाज त्याचा होता. त्याचाच. थंडीने बसलेला घसासुद्धा.

तो पळत सुटला. फोन कानाला. "बाहेर निघ," तो ओरडत होता, "बाहेर निघ गं!" पलीकडे वहिनी हळूच म्हणाली, "तुम्ही मागे बसलाय... मग हे फोनवर कोण आहे?"



फोन चालू होता. दोघांचे श्वास ऐकू येत होते. एक वहिनीचा, भरभर. दुसरा सावकाश.

वीस पावलं. चाळीस. साठ. गाडी आली नाही. शंभर झाली. टॉर्च लावला, तर समोर खडे आणि वाळकं गवत. गाडीचा ठिपका होता तेवढाच लांब. दोनशे. छाती फुटायला आली. आणि मागे... ताऱ्यांच्या चालीने दुर्बीण हळूहळू फिरवणाऱ्या मोटरची गुणगुण. अगदी कानाशी. जणू तो दुर्बिणीपासून हललाच नव्हता.

तो थांबला. मोटर गुणगुणत होती. पुन्हा पळाला. गुणगुण तिथेच. हाका मारल्या. आवाज तोंडातून बाहेर पडला, तो माळानेच गिळला. शेवटी तो गुडघ्यांवर बसला आणि तिचं नाव घेत राहिला. दुसरं हातात होतं काय?

किती वेळ गेला, त्याला सांगता येत नाही. फोन कधी बंद पडला, तेही नाही. पुढे केलेल्या हाताला एकदम गार पत्रा लागला.

गाडी.

मनगटावर दोन वाजले होते. त्याचं घड्याळ चुकत नाही रे. साठ पावलांना पन्नास मिनिटं.

मागचं दार उघडं. सीट रिकामी. वहिनी पुढे बसलेली, हात मांडीवर, नजर काचेबाहेर. त्याने तिला हलवलं. ती म्हणाली, "चला."

दुर्बीण, कॅमेरा, लॅपटॉप, सगळं तसंच टाकून त्याने गाडी काढली. वाटेत चार वेळा विचारलं, काय झालं, तो काय म्हणाला? घराच्या जिन्यात ती थांबली.

"मला काय विचारता? तुम्हीच तर म्हणालात. तू बस, माझं थोडं काम राहिलंय, ते संपवून येतो."

एवढंच. त्यानंतर आजपर्यंत त्या रात्रीबद्दल ती एक शब्द बोललेली नाही. पण हल्ली तो दुकानातून घरी आला की ती लगेच दार उघडत नाही. आतून त्याला काहीबाही विचारते. लग्नातलं, मुलाच्या लहानपणचं. उत्तर बरोबर आलं तरी कडी लवकर निघत नाही. तो बाहेर जिन्यात उभा राहतो. रागावत नाही. काय सांगणार, मी मीच आहे म्हणून?

त्या रात्रीनंतर दुसऱ्याच दिवशी सकाळी सामान आणायला तो मला घेऊन गेला. म्हणून हे मी छातीठोकपणे सांगतो. सगळं जागेवर होतं. पण दुर्बिणीकडे बघून त्याचा चेहरा पांढरा पडला. मला त्यातलं काही कळत नव्हतं. संध्याकाळी त्याने मला दुकानात बोलावलं, शटर अर्धं ओढलं आणि लॅपटॉप उघडला.

"हे बघ," म्हणाला. "तो तेजोमेघ दोनच्या सुमाराला डोक्यावरून पश्चिमेकडे कलतो. तेव्हा दुर्बीण हाताने सोडवून दुसऱ्या बाजूला वळवावी लागते. फोटो आपोआप निघत राहतात, पण हे आपोआप होत नाही. माणूसच लागतो."

फोटो बासष्ट होते. पहिले अठ्ठावीस सरळ. मग एक पंचावन्न ते दोन, पाच मिनिटांचा खंड. त्यापुढचे सगळे उलटे. दुर्बीण वळवली की ते तसेच येतात म्हणे. एकही हललेला नाही. एकाहून एक सुरेख.

शेवटचा चार पन्नासला संपला होता. उजाडायच्या जरा आधी, जिथे तो स्वतः रोज हाताने थांबवतो, तिथेच.

काम... पुरं झालं होतं.