बिनदरवाजाची गाडी

ती गाडी आमच्या फाटकासमोर आली, दोनदा खोकली आणि गप्प झाली.

मार्गशीर्षातली संध्याकाळ होती. येऊरच्या डोंगरावरून मुलुंडात गार वारा उतरत होता. टेलिफोन एक्स्चेंजमधली पाळी संपवून मी घरी येत होते. दिवसभर याचं बोलणं त्याला जोडून द्यायचं, आणि संध्याकाळी आपल्याशी बोलायला कुणी नाही... अशी ती नोकरी. फाटकाशी पाहते तर लाल, बुटकी, जमिनीला पोट टेकलेली गाडी. दरवाजेच नाहीत. बॉनेट उघडं, आणि बॉनेटात अर्धा माणूस.

"बाई, एक पाय उसना मिळेल?" तो अर्धा बोलला.

"काय मिळेल?"

"पाय. ॲक्सिलेटर दाबायला. माझे हात इकडे अडकलेत."

मी पर्स पोटाशी धरली, साडी आवरली आणि काठावरून पाय टाकून आत बसले. का बसले, ते अजून सांगता येत नाही. पाय दाबला — आणि मागच्या नळकांड्यातून असा आवाज फुटला की कडुलिंबावरचे कावळे उडून गेले. तो आवाज माझ्या छातीतून आरपार गेला. मी हसले. किती दिवसांनी हसले, आठवेना.

त्याचं नाव बाळ सबनीस. भांडुपच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन.

"एवढे मोठे, आणि बाळ?"

"आईनं मोठं होईपर्यंत वाट पाहिली नाही ना."

भंगारातल्या फियाटचा सांगाडा आणून, चाळीच्या मागं पत्रा ठोकून ठोकून त्यानं ही गाडी घडवली होती. "चाळीत म्हणतात, बायको नाही म्हणून पत्रा बडवतो."

"खरं आहे?"

"पत्रा उलटून बोलत नाही."

"मग एवढा आवाज कोण करतं?"

तो कानापर्यंत लाल झाला. गाडीइतका.

मग दर रविवारी सकाळी तो फाटकाशी थांबू लागला. गाडीला दोन कार्ब्युरेटर होते, दोघांनी हवा सारखी ओढायला हवी. एक रबरी नळी होती त्याच्याकडं. तिचं एक टोक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, दुसरं कानाशी. "तुमचे कान सरकारी," तो नळी माझ्या हाती देत म्हणायचा, "तुम्हीच सांगा."

"डावा जरा घोगरा आहे."

तो स्क्रू फिरवायचा... पण बघायचा माझ्या चेहऱ्याकडं.

घरात आम्ही दोघीच, मी आणि चंपाआत्या. आत्याचे कान कधीचे गेलेले. पण गाडी आली की फळीवरची पितळी भांडी थरथरायची, आणि आत्या भिंतीला तळवा लावून म्हणायची, "आला गं तुझा."

"माझा कसला?" मी म्हणायची. तिला कुठं ऐकू यायचं... ती हसायची.

पहिली हाक भांड्यांना, दुसरी हाक भिंतीला. तिसरी कुणाला, ते माझं मला ठाऊक.

फाल्गुनात एका रविवारी तो आला नाही. पुढच्याही नाही. त्याच्याही पुढच्या नाही. मी पहाटे कूस न बदलता पडून राही, कान रस्त्याकडं लावून. कोकीळ ओरडे, सायकली जात, तो नाही. एक्स्चेंजमध्ये सगळ्या मुंबईचे आवाज कानात, आणि हेडफोन काढला की जग बंद. आत्या भिंतीला हात लावून माझ्याकडं नुसती बघे. त्याची चाळ कुठली, हे विचारायचं राहूनच गेलं होतं. आवाजाला पत्ता कशाला लागतो, असं वाटायचं तेव्हा.

मग एका रविवारी उजाडता उजाडता मी केंद्रावरून दुधाच्या बाटल्या घेऊन येत होते. धुकं होतं. आमच्या घरासमोरून एक माणूस वाकून, दात आवळून गाडी ढकलत चालला होता.

"बंद पडली?"

तो दचकला. "नाही... झकास चालते."

"मग?"

"तुमच्या घरावरून ढकलतच नेतो हल्ली. आग्रा रोडला लागलो की चालू करतो." घाम पुसत तो म्हणाला, "समोरचे राजारामकाका म्हणाले, त्या घरात म्हातारी आजारी आहे, तुझ्या आवाजानं जाईल एखाद दिवशी. मग तोंड दाखवायची लाज वाटली."

"आत्याला ऐकू येत नाही."

"म्हणजे?"

"तोफ उडाली तरी नाही. राजारामकाकांना रविवारची झोप हवी असते. आत्याला तुमची गाडी तेवढी कळते, भिंतीतून. रोज हात लावून बसते बिचारी."

तो मडगार्डवर टेकला. "वाट लागली... आणि मी इथून चोरासारखा जातोय."

"आज कुठं?"

"दहिसरला. एकाला देऊन टाकतोय ही. शब्द दिलाय." त्यानं पत्र्यावरून हात फिरवला. "चाळीत ओरडा, तुमच्या दारात आजारपण. एवढा आवाज घेऊन माणसानं जायचं कुठं?"

बाटल्या हाताला गार लागत होत्या. आत्ता गप्प राहिले तर ही शांतता जन्माची, एवढं मला कळलं.

"आत्याचं सोडा," मी म्हणाले. "मला ऐकू येतं. आणि मला हवाय तो... आवाज. आणि — करणाराही."

तो फडक्यानं हात पुसत राहिला. हात स्वच्छच होते.

"तिथं शब्द दिलाय हो, मृणालिनी," तो हळूच म्हणाला. बाई म्हणायचं विसरला.

"मग जा. पण ढकलत नको. इथूनच चालू करून जा."

त्यानं चालू केली. गल्लीतल्या खिडक्या धडाधड उघडल्या. आत्या दारात येऊन उभी राहिली. तो एकदा वळून बघतो, असं वाटलं... नाही वळला. पहिला गियर, दुसरा, तिसरा. आग्रा रोडला ठाण्याच्या अंगाला वळल्याचं कळलं. मग आवाज बारीक झाला, दोऱ्याएवढा, आणि तुटला.

लाइन तुटल्यावरची शांतता मला ओळखीची होती. मी फाटकाची कडी उघडली. पाय मात्र आत जाईना.

मग फार लांबून काहीतरी कानाला लागलं. येणारा आवाज कुठला आणि जाणारा कुठला, हे मला कुणी शिकवायला नको. पोट त्याच्यावर चालतं माझं. मी डोळे मिटले.

तो वाढत होता.