तोगझानच्या खोलीतला रेडिएटर

तेमिरताऊ शहरात त्या दिवशी तापमान उणे तीस होतं. दुपारी खालच्या मजल्यावरची मेरुएर्त वर आली. महिन्याभरापूर्वीच भाड्यानं राहायला आलेली चुणचुणीत पोरगी.

"काका, माझ्या छतातून पाणी ठिबकतंय. तुमचा रेडिएटर बघता का जरा?"

ओरिनबायला शोधावं लागणार नव्हतं. घर ऊबदार ठेवायला प्रत्येक खोलीत गरम पाण्याचा रेडिएटर होता; गळत होता तो तोगझानच्या खोलीतला. नोव्हेंबरात जलाशयावरचा कोवळा बर्फ फुटला आणि त्याची नऊ वर्षांची लेक तोगझान पाण्याखाली गेली. माती देऊन झाली, माणसं पांगली. तेव्हापासून तिची आई कुल्पाश त्या खोलीत पातेलं मांडून बसून असायची.

ओरिनबायनं पाना काढला. उभं आयुष्य पोलादाच्या कारखान्यात गेलेलं; एवढ्याशा कामाला परका माणूस कशाला?

"राहू द्या ना," कुल्पाश म्हणाली. "ठिबकताना ती बोलते माझ्याशी."

"अगं, पाइप आहे तो."

"तुम्ही कधी कान देऊन ऐकलंत?"

त्यानं दोन्ही वॉल्व्ह बंद केले, नट सैल केला. रेडिएटरचं पाणी नेहमी काळं निघतं, गंजाचा वास मारतं. हे नितळ निघालं. हाताला चटका बसेल अशा पाइपातून बर्फासारखं गार पाणी... आणि त्याला चिखलाचा, शेवाळाचा वास. बोटं बधिर झाली. तरी हात थांबले नाहीत. सांध्यावरचे गळती रोखणारे जुने धागे खरवडले, तागाचे नवे गुंडाळले, वर लेप चोपडला आणि नट आवळला. शेवटच्या वेढ्याला आतून कुणी ढकलल्यासारखं वाटलं. त्यानं सगळं वजन पान्यावर टाकलं.

वॉल्व्ह उघडले. थेंबही नाही. कुल्पाशनं दोन्ही कानांवर हात दाबून धरले.

पंधरा मिनिटांत मेरुएर्त पुन्हा दारात.

"थांबलं हो पाणी, काका. पण... तुमच्या मुलीला घेऊन जाता का?"

"कोणाला?"

"माझ्या रेडिएटरला टेकून बसलीये. नखशिखांत भिजलीये बिचारी. थंडी वाजते म्हणते... बाबांनी दार लावून घेतलं म्हणते."

ओरिनबाय जिना कसा उतरला, त्याचं त्यालाच कळलं नाही. खाली कुणी नव्हतं. रेडिएटरपाशी जमीन तेवढी ओली.

"आत्ता इथंच होती..." मेरुएर्त पुटपुटली.

तेवढ्यात वर कडी वाजली. तो धावत वर आला. घराचं दार आतून बंद. आतून कुल्पाशचा आवाज येत होता, कितीतरी दिवसांनी असा मऊ.

"ये गं माझे बाय... आधी केस पूस बघू..."

"कुल्पाश! दार उघड!"

त्यानं मुठी दुखेस्तोवर दार बडवलं. मग जिन्याच्या पायरीवर बसला आणि दफनानंतर पहिल्यांदाच हमसून रडला.

"मला पण बघू दे गं तिला... एकदाच..."

बाहेर उजेड मावळत आला, तेव्हा दार किलकिलं झालं. कुल्पाश उभी होती. तिच्या बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या, चेहरा शांत. तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला... आत्ताच डोळा लागलाय."

आणि तिच्या पाठीमागं, तोगझानच्या खोलीत, कुणीतरी खोकलं.