मामेभावाचं ग्राफिक्स कार्ड

"हे होणार नाही," दुरुस्तीवाला मान वर न करताच म्हणाला.

मी त्याच्या काउंटरवर दोन लॅपटॉप ठेवले होते. एक माझा, धडधाकट पण दुबळा. दुसरा मामेभावाचा, स्क्रीन फुटलेला, पण आतलं ग्राफिक्स कार्ड तगडं. त्यातलं काढून यात बसवायचं, एवढंच तर मागत होते!

"दोन्हींची कार्डं सुटी निघतात. मी वाचलंय."

"वाचून पोहता येत नाही. नवीन घ्या."

"घरून पैसे मिळणार नाहीत. सोमवारच्या आत ॲनिमेशन कंपनीला चाचणीचा सीन पाठवायचाय. नाही पाठवला, तर काकांच्या ऑफिसात चिकटायचं, असा बाबांचा हुकूम आहे. तुम्हाला जमत नसेल तर स्क्रूड्रायव्हर द्या. मी करते."

तेव्हा कुठे त्याने मान वर केली. डोळे मात्र छान होते मेल्याचे!

"बसा," त्याने स्टूल सरकवलं. "पण रडलात तर रुमाल मिळणार नाही."

"तुमचा शर्ट आहे ना."

तो हसला... आणि लगेच मिशीत लपवायला गेला. मिशी नव्हती, त्यामुळे ते जमलं नाही.

कार्ड मीच काढलं, मीच बसवलं. तो फक्त स्क्रू गोळा करत होता आणि माझी बोटं बघत होता. मला कळत होतं. मशीन सुरू झालं, मी टाळी वाजवली... आणि स्क्रीन काळी!

त्याने लॅपटॉपच्या पोटाला हात लावला. "भाजतंय. गार करणारी ही तांब्याची नळी तुमच्या जुन्या कार्डाच्या मापाची आहे. नव्याला टेकतच नाही."

"मग मामेभावाची नळीही घेऊ."

"ती मावायला तुमचं कव्हर कापावं लागेल."

"कापा."

त्याने माझं कव्हर हातात घेऊन उलटसुलट केलं. मग हळूच म्हणाला, "मी माझ्या मशीनवर हेच केलं होतं. कार्ड जळलं, मशीनही गेलं. तेव्हापासून असल्या कामाला हात लावत नाही मी."

"तुमचं जळलं म्हणून माझंही जळेल? हा कुठला न्याय?"

मी कानस उचलली. कव्हर टेबलावर नाचायला लागलं, तसं त्याने ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं. प्लास्टिकचा भुगा त्याच्या मनगटांवर पडत होता. आमची डोकी इतकी जवळ आली होती, की मला कानशीचा आवाज कमी आणि त्याचा श्वास जास्त ऐकू येत होता. हात थांबवावेसे वाटले. थांबवले नाहीत, सीन महत्त्वाचा होता.

नळी बसली. मशीन सुरू झालं आणि सुरूच राहिलं. माझ्या सीनमधली म्हातारी सायकलवर टांग टाकून उतारावरून सुसाट निघाली, एकदाही न अडखळता. तो मात्र सारखा लॅपटॉपखाली हात घालून बघत होता.

"गार आहे," तो म्हणाला.

"पुन्हा बघा."

त्याने पुन्हा बघितलं. या वेळी मीही हात घातला. कोणीच काढला नाही.

सीन तिथूनच पाठवला. तेवढ्यात बाबांचा फोन. माझ्या हातांना नळीखाली लावायची पेस्ट लागलेली, म्हणून कोपरानेच स्पीकर चालू केला.

"काकांना काय सांगू? सोमवारपासून येतेस ना?"

"नाही, बाबा."

"नोकरी लागली का तिकडे?"

"अजून नाही. पण सीन गेला. हे नाही तर दुसरं शोधेन, ऑफिसात मात्र बसणार नाही."

"आणि दिवसभर त्या दुरुस्तीवाल्याकडे काय करतेस? आई विचारतेय."

समोर तो हातात स्क्रू घेऊन पुतळ्यासारखा उभा. बाबांना एक 'नाही' म्हणून झालंच होतं. मग म्हटलं, होऊन जाऊ दे!

"आईला सांगा, तो मला आवडतो."

त्याच्या हातातला स्क्रू टणकन खाली पडला.

"त्याला माहीत आहे का हे?" बाबांनी विचारलं.

मी त्याच्याकडे बघितलं. कानापर्यंत लाल झाला होता आणि हसू लपवायचं साफ विसरला होता.

"आत्ता कळलं त्याला, बाबा," मी म्हटलं. "ठेवते फोन."