आई जंगलात गेली तेव्हा

आखातातल्या एगैला गावात एका ट्रॅव्हल ऑफिसात मायलेक शिरले, ते केवळ धुळीच्या वादळातून सुटायला. मुलाच्या भुवयांवर पिठासारखी धूळ बसली होती. आईशी मराठीत पुटपुटून तो काउंटरमागच्या सुचित्राला हिंदीत म्हणाला, "जरा रुकते हैं... कुछ लेना नहीं है।"

"बसा की. बसायचे पैसे घेत नाही आम्ही," सुचित्रा हसली.

मराठी ऐकून तो नुसता बघतच राहिला. आईचं मात्र लक्ष भिंतीवरच्या पोस्टरकडे होतं. केनियातला तंबू, आत शुभ्र पलंग, आणि दाराशी जिराफ.

"हे कुठं गं? मला इथं जायचंय."

द्वारकाबाई गुहागरच्या निवृत्त शिक्षिका. तीन महिने लेकाच्या फ्लॅटमध्ये भिंती बघून कंटाळल्या होत्या. लेकाला, नचिकेतला, रिफायनरीतून रजा मिळेना, तेव्हा पुढच्याच आठवड्यात त्या एकट्या निघाल्या.

जंगलात त्यांच्या मोबाइलला रेंज नव्हती, इंग्रजीही बेताचं. म्हणून कॅम्पवाल्यांचा फोन रोज दुपारी सुचित्राला यायचा, आणि संध्याकाळी पाचला नचिकेत दोन कप करक, म्हणजे इथला कडक दुधाळ चहा, घेऊन आईची खबर ऐकायला हजर!

"काल अंथरुणात काहीतरी गरम लागलं म्हणून काकूंनी काठी मागवली," तिने सांगितलं. "गरम पाण्याची पिशवी निघाली."

नचिकेत डोळे मिटून हसला. ते तिला आवडलं... जरा जास्तच.

दुसऱ्या दिवशी तंबूसमोर तासभर हत्ती उभा होता. मॅनेजर घाबरून फोनवर, आणि काकूंचा निरोप, "त्याचं होऊ दे, मला घाई नाही."

तिसऱ्या दिवशी तिचा चहा बिनसाखरेचा आला. तिने कधी सांगितलं नव्हतं. पहिल्या दोन्ही दिवशी अर्धा कप तसाच राहिलेला त्याने पाहिला असावा.

चौथ्या दिवशी तो हळूच म्हणाला, "माझं कॉन्ट्रॅक्ट संपतंय. पुढची दोन वर्षं हवी तर येत्या गुरुवारपर्यंत सही. नाहीतर... गावी."

"अच्छा," म्हणत तिने सरळच असलेली माहितीपत्रकं पुन्हा सरळ केली.

द्वारकाबाई परतल्या. खबरा संपल्या. सोमवारी पाच वाजले, मंगळवारीही वाजले. दार उघडलं की सुचित्रा वर बघायची आणि दुसऱ्याच कुणासाठी हसायची.

बुधवारी तो आला. हात रिकामे.

"काकू बऱ्या आहेत ना?"

"मजेत. जिराफाची सर आम्हाला नाही म्हणते."

"मग आज काय काम काढलंत?"

"काम... काही नाही." तो उभाच राहिला. "उद्या गुरुवार. सही करू का, विचारायला आलो."

"ते मी कसं सांगणार?"

"तुम्हीच सांगायचंय. नोकरी तिकडेही मिळेल. पण तुम्ही... इथे आहात."

सुचित्राचे कान तापले.

"करा सही," ती म्हणाली. "आणि ते 'तुम्ही' पुरे आता."

"मग काय म्हणू?"

"नाव आहे की मला."

सहा वर्षांत इथे कुणी तिला मिस सुशी म्हणालं होतं, कुणी सुचेता.

"सुचित्रा," तो म्हणाला. सावकाश, पुरतं.

तिने मान वर केली.

"परत म्हण."