रेसचं हँडल, जाड टायर

ज्याचा ब्रेक लागत नाही तो माणूस पायाने थांबतो. वासुदेवराव माझ्या दुकानासमोर तसेच थांबले. दोन्ही चपला घासत, चिखलात रेघा ओढत, थेट पंक्चर पाहायच्या पाण्याच्या घमेल्यापर्यंत. घमेलं उलटलं अन् पाणी माझ्या लुगड्यावर.

मी वर पाहिलं. साठीचा माणूस, पोट सुटलेलं, पावसाने केस कपाळाला चिकटलेले. डोळे मात्र चोरी पकडली गेल्यासारखे.

"नमस्कार बाई. ब्रेक लागून नाई राह्यला..."

"जय भीम," मी म्हटलं. "समजलं ते. लुगडं सांगून राह्यलं."

नालवाडीतलं हे दुकान माझ्या मालकाचं, म्हणजे नवऱ्याचं. ते जाऊन अकरा वर्षं झाली, तेव्हापासून पाना माझ्या हातात. सुरुवातीला गिऱ्हाइकं आत डोकावून विचारायची, मिस्त्री कुठे आहे. मी म्हणायची, मिस्त्रीच बोलून राह्यली. आता कोणी विचारत नाही. पण त्या सप्टेंबरात माझे गुडघे जाब विचारायला लागले होते. माझा मुलगा अश्वजित नागपूरला असतो. रोज फोनवर त्याचं एकच, आई, बस झालं, दुकान बंद कर, इकडे ये. थकून एक दिवस मी हो म्हणून टाकलं. ऑक्टोबरच्या शेवटी शटर पाडायचं ठरलं होतं.

वासुदेवराव बत्तीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर होते. एकही अपघात नाही, हे त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत दोनदा सांगितलं. बायको गेलेली, मुलगा पुण्याला. साखर वाढली म्हणून डॉक्टरने सायकल सांगितली, मुलाने जाड टायरची, गिअरवाली घेऊन दिली. पडले एकदा, तिचं हँडल वाकलं. तर यांनी मुलाच्या जुन्या रेसच्या सायकलचं हँडल काढून हिला बसवलं, ब्रेकच्या लिव्हरसकट. मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं. त्यावर वाकले की पोट आडवं यायचं.

"ब्रेक म्हनजे ब्रेक," ते म्हणाले. "त्यात काय जात असते?"

"ब्रेकात असते. मानसात नसते."

ते माझ्याकडे पाहत राहिले... जरा जास्तच वेळ. मीच मान खाली घालून पाना शोधला, जो हातातच होता.

मग त्यांना बोटाने दाखवलं. रेसचं लिव्हर तार चिमूटभर ओढते. त्या सायकलच्या ब्रेकला तेवढी पुरते. पण या जाड टायरवालीला दोन उभ्या दांड्यांचा ब्रेक. त्याला तार दुप्पट ओढून पाहिजे. म्हणून लिव्हर हँडलला टेकते अन् रबर रिमपर्यंत पोचतच नाही. मोजमाप मला वाचता येत नाही, बोटाला कळते.

खरा उपाय एकच होता, सरळ हँडल अन् त्याच्या जोडीची लिव्हरं. माझ्या पाठीमागे खिळ्यावर लिव्हरची तशी जोडी लटकलेली होती, खाली सरळ हँडलही पडून होतं. दुसरा उपाय तात्पुरता. रबर रिमच्या इतकं जवळ बांधायचं की मधून कागद जावा. मग ब्रेक लागतो, पण चाक जरा आऊट झालं, म्हणजे डुलायला लागलं, की रबर घासते.

मी दुसरा उपाय केला. काऊन केला, ते मी स्वतःलाही विचारलं नाही.

आमच्या दुकानाचा एक नेम आहे, मालकांनी घालून दिलेला. ज्याने ब्रेक बांधला, त्याने आधी जवळच्या पुलाच्या उतारावरून स्वतः उतरून पाहायचं, मगच सायकल द्यायची. त्या दिवशी मी तो मोडला. नुसतं म्हटलं, सपाट रस्त्यानेच जाजा, अन् सावकाश.

पुढच्या रविवारी ते हजर. चाक आऊट. त्याच्या पुढच्या रविवारीही. म्हणायचे, दगड लागला बाई. सोबत थर्मासात बिनसाखरेचा चहा. मी म्हटलं, असा चहा वैऱ्यालेही पाजू नये. अन् दोन कप प्यायले. तिसऱ्या रविवारी पायरीवरूनच, माझ्या आधी, ते हळूच "जय भीम" म्हणाले. माझ्या हातातला नट घरंगळत नालीत गेला.

चौथ्या रविवारी मी चाक नीट पाहिलं. दगड लागला तर रिमला ठेच दिसते. रिम साफ होती. स्पोकच्या मुंडक्यांवर मात्र पान्याच्या ताज्या खुणा चमकत होत्या. मी चाक सरळ केलं.

सातव्या रविवारी सांगावंच लागलं.

"पुढल्या रविवारी दुकान नसन. नागपूरले चालली मी."

"काऊन?"

"थकली, वासुदेवराव."

ते कितीतरी वेळ थर्मासचं झाकण फिरवत बसले. "मी बी थकलो, बाई. घरी... एकटं बसून."

मी उठले. शिंगांचं हँडल काढलं, सरळ बसवलं, खिळ्यावरची जोडी उतरवून त्यावर चढवली, तार ओढली. अर्ध्या तासाचं काम.

"हे... पयल्या दिवसापासून इथंच होतं?" त्यांनी विचारलं.

"होतं."

"मंग?"

"आधी तुमच्या खिशात काय आहे, ते काढा."

त्यांनी काढला. स्पोक फिरवायचा छोटा पाना. साठीच्या माणसाचे कान इतके लाल होतात, हे मला माहीत नव्हतं.

मग नेम पाळायचा होता. पहिल्या दिवशी मोडला तो मोडलाच, तेव्हापासून मी सायकलवर बसले नव्हते. पुलाच्या चढावर गुडघ्यांनी शिव्या दिल्या, मी त्यांना दिल्या. वर पदर खोचला अन् सोडली. ओला वारा तोंडावर आला अन् खाली पाहते तर उताराच्या शेवटी वासुदेवराव, भर रस्त्यात उभे.

"बाजूले व्हा," मी ओरडले.

"नाई होत. बत्तीस वर्सं लोकायनं माह्या ब्रेकवर भरोसा ठेवला. आता मी ठेवतो."

मी दोन्ही लिव्हरं दाबली. चाक त्यांच्या चपलेपासून वीतभर अंतरावर थांबलं. माझा श्वास काही थांबेना. त्यांनी हँडलवर हात ठेवला, माझ्या हाताशेजारी. टेकवला नाही.

"चांगला लागला," ते हळू म्हणाले. "आता यायले काय बहाना करू, जयवंता?"

अकरा वर्षांत कोणी मला नुसत्या नावाने हाक मारली नव्हती. कोणाची टाप नव्हती.

"पाना द्या इकडे," मी म्हटलं.

दुकानात येऊन तो त्याच रिकाम्या खिळ्यावर अडकवला.

"इथंच राहीन तो. पाहिजे असन तर रोज यावं लागन. अन् चहात आलं टाकत जा."

संध्याकाळी अश्वजितला फोन केला. म्हटलं, शटर पडणार नाही, हाताखाली माणूस ठेवला. त्याने विचारलं, काम येते का त्याला?

"काहीच नाई येत," मी म्हटलं. "ब्रेक म्हनजे ब्रेक समजते. शिकवावं लागन... वर्सं लागतीन."